मोबाइलवर डोळे दुखतात, ई-रीडर घेऊ का?

*मॅडम, मी तासगाव तालुक्यातली. सिव्हिलची डिग्री होऊन तीन वर्षं झाली. सांगलीत एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे डिझाइनचं काम करते, रोज एसटीनं ये-जा असते. येत्या फेब्रुवारीत गेट, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे. अभ्यासाची पुस्तकं आणि आयएस कोड (बांधकामाची भारतीय मानकं) सगळे पीडीएफमध्ये आहेत, ते मोबाइलवर वाचते. रात्री डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. मैत्रिणीनं सहा इंची ई-रीडर घेतलाय. तिच्याकडे बघितला, अगदी कागदासारखा दिसतो. दाजी म्हणतात, त्यापेक्षा टॅब घे, त्यात सगळंच होतं. पप्पांचे बेदाण्याचे पैसे आलेत. ते म्हणाले, "अभ्यासाला लागतंय ना, मग घे, विचारत बसू नको." ते असं म्हणाल्यापासूनच मला चुकीची वस्तू घ्यायची भीती वाटतेय. एका मित्राने पेन ड्राइव्हमधून चारशे पुस्तकंही दिली आहेत. आमच्यासारख्या विषयाचा अभ्यास ई-रीडरवर होतो का?*
*— एक वाचक, तासगाव तालुका*

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारणं मागून. सहा इंची ई-रीडर घेऊ नकोस. कादंबरी वाचायला ती फार सुंदर वस्तू आहे, पण तुझ्या कोडला आणि गणितांच्या पुस्तकांना ती पुरत नाही. किती पुरत नाही, हे माझ्या सांगण्यावर सोडू नकोस. पाच-दहा रुपयांत तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.

काँक्रीटचा कोड आयएस ४५६, त्यातलं तक्ता २६ चं पान काढ. चारी बाजूंनी टेकलेल्या स्लॅबचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, काढायचे कोइफिशियंट दिलेलं पान, तुझ्या ऑफिसात रोज उघडत असेल. त्याचा ए-फोर प्रिंट घे आणि विश्रामबागेत वालचंद कॉलेजच्या बाजूच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडे जा. त्याला सांग, "याची एक कॉपी ४१ टक्क्यांवर काढा आणि एक ७० टक्क्यांवर." ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतं. सहा इंच म्हणतात ते पडद्याच्या कर्णाचं माप आहे, टीव्हीचं मोजतात तसं. प्रत्यक्षात तो पडदा ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटरच्या जरा वर उंच. त्यात अख्खं पान बसवायचं तर ते ४१ टक्क्यांवर येतं. म्हणजे १० पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं. दुसरी कॉपी १०.३ इंची ई-रीडरची. त्याचा पडदा साधारण १५.७ बाय २०.९ सेंटिमीटर, तिथे तेच पान ७० टक्क्यांवर बसतं.

दोन्ही कॉप्या घरी ने. रात्री दहा वाजता, दिवसभराचं काम आणि एसटीचा प्रवास अंगावर असताना, नेहमीच्या दिव्याखाली बसून वाच. दुकानात उभ्या-उभ्या वाचू नकोस, तिथे सगळं वाचता येतं. आतल्या पॅनेलची ओळ घे, लांबी-रुंदीचं प्रमाण १.२ असलेल्या रकान्यात निगेटिव्ह मोमेंटचा आकडा ०.०४३ आहे. ४१ टक्क्यांच्या कॉपीत तो ०.०४३ आहे की ०.०४८, हे एका नजरेत सांगता येतं का बघ. तेवढ्या एका आकड्याच्या चुकीनं मोमेंट साडेअकरा टक्क्यांनी वाढतो. परीक्षेत एक मार्क जाईल. कामावर चुकलं तर स्टील जास्त पडेल, आणि उलट बाजूला चुकलं तर कमी पडेल.

तू म्हणशील, ई-रीडरवर अक्षर मोठं करता येतं की. येतं, पण सगळ्या पुस्तकांचं नाही, आणि नेमकं इथेच माणसं फसतात. मीही फसले होते.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुला आठवत असेल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर गावभागात. माणसं आधीच बाहेर काढली होती, पण पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या राहिल्या. पाणी उतरल्यावर आत आले तेव्हा ती पुस्तकं फळीतून निघेनात. भिजून इतकी फुगली होती की शेवटी फळीच फोडावी लागली. सर्व्हेइंगचं एक पुस्तक गुळगुळीत कागदाचं होतं, त्याची पानं एकमेकांना चिकटून अख्खी वीट झाली होती. चोवीस वर्षं डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना त्या पुस्तकांच्या समासात मी पेन्सिलीनं काय काय लिहून ठेवलं होतं. त्यानंतर मी ठरवलं, आता पुस्तकं पाण्यात जाणार नाहीत अशा ठिकाणी ठेवायची. सहा इंची ई-रीडर घेतला आणि एकामागून एक पीडीएफ त्यात भरत सुटले.

पहिल्या आठवड्यातच कळलं की पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो काढून चौकटीत बसवल्यासारखं आहे. ओळ कुठे तुटणार, आकृती कुठे येणार, सगळं पक्कं. अक्षर मोठं करायला गेलं की पानच मोठं होतं आणि पडद्याबाहेर जातं. मग प्रत्येक ओळीला पान उजवीकडे ढकला, परत डावीकडे आणा. कथा-कादंबऱ्यांची जी ई-पुस्तकं मिळतात ती इपब जातीची. त्यांतला मजकूर भांड्यातल्या पाण्यासारखा, जसा पडदा तसा बसतो. त्यांचं अक्षर हवं तेवढं वाढवता येतं. तुझ्या मैत्रिणीकडे तू जे कागदासारखं बघितलंस, ते बहुधा असलंच पुस्तक असणार.

मग माझ्या मनात आलं तेच उद्या तुझ्याही मनात येईल, की पीडीएफचंच इपब करून घ्यावं. कॅलिबर नावाचं चांगलं मोफत सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं. साध्या मजकुराला ते उत्तम. पण समीकरणं असलेलं पीडीएफ त्यातून काढून त्यावर अभ्यास करू नकोस, हे मी तुला हात जोडून सांगते. वर्गमूळाचं चिन्ह, घातांक, खाली लिहिलेली बारीक अक्षरं यांतलं काहीही वाटेत गळू शकतं, आणि गळलंय असा इशाराही मिळत नाही. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाच्या वहीत मी बघितलं, काँक्रीटचा इलास्टिक मॉड्युलस, म्हणजे त्याच्या ताठपणाचं माप, '५००० एफसीके' असा उतरवलेला. एफसीके म्हणजे काँक्रीटची ताकद. कोडमध्ये आहे ५००० गुणिले एफसीकेचं वर्गमूळ. एम-२५ काँक्रीटला, म्हणजे एफसीके २५ असताना, ते येतं २५,००० मेगापास्कल. वर्गमूळ गळालं की होतात सव्वा लाख. स्टीलचेच दोन लाख असतात. त्या मुलानं दोन पानं गणित केलं होतं, अक्षर मोत्यासारखं, पायऱ्या सगळ्या बरोबर, आणि उत्तर काही जुळत नव्हतं. तो स्वतःलाच दोष देत बसला होता. चूक त्याची नव्हतीच, पडद्यावर चिन्हच नव्हतं.

प्रकाशकानं नीट तयार केलेलं इपब असेल तर गोष्ट वेगळी. तरी बऱ्याच पुस्तकांत समीकरणं चित्र म्हणून टाकलेली असतात. अक्षर वाढवलं तरी ती तेवढीच राहतात, मोठ्या ओळीत मुंगीएवढं समीकरण. घेण्याआधी नमुन्याची पानं मिळतात, त्यात एक तरी समीकरणाचं आणि एक तक्त्याचं पान येतंय का ते बघून मगच पैसे दे.

आता मुद्द्याचं. पडदा मोठा घेतला, अक्षर स्वच्छ दिसलं, तरी आपल्या विषयाचं वाचन सरळ रेषेत होत नाही. गोष्ट पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचतात. स्लॅबचं एक गणित सोडवताना तू उदाहरणावरून तक्ता २६ वर जातेस, तिथून मोमेंट घेऊन परत येतेस, मग शिअरसाठी तक्ता १९, मग कव्हरसाठी मागचं कलम, मग पुन्हा उदाहरण. कागदाच्या पुस्तकात एक बोट इथे, एक तिथे, आणि तिसऱ्या पानात पेन्सिल. ई-रीडरवर प्रत्येक उडीला मेनू उघडा, पान नंबर टाका, पडदा एकदा काळा-पांढरा होऊन स्थिर होईपर्यंत थांबा. एक-दोन सेकंदच लागतात, पण तेवढ्यात डोक्यात धरलेला आकडा सुटतो. दहा वेळा असं झालं की माणूस तक्ता बघायचा कंटाळा करतो आणि आठवणीतला आकडा टाकून पुढे जातो. हा कंटाळा मला सगळ्यात घातक वाटतो.

हे एकट्या माझं म्हणणं नाही. २००९ मध्ये किंडल डीएक्स नावाचा ९.७ इंची मोठा ई-रीडर आला, पाठ्यपुस्तकांसाठी म्हणूनच. अमेरिकेत काही विद्यापीठांनी तो विद्यार्थ्यांना देऊन पाहिला. वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्युत्तर वर्गातल्या ३९ जणांना दिला आणि ते कसे वाचतात यावर शैक्षणिक वर्षभर लक्ष ठेवलं. सात महिन्यांनी साठ टक्क्यांहून जास्त जणांनी अभ्यासासाठी तो नियमित वापरणं सोडलं होतं. कॉम्प्युटरचीच मुलं, यंत्राला बुजणारी नव्हेत. जी टिकली त्यांच्यातली काही काय करायची, तर ई-रीडरच्या कव्हरमध्ये कोरा कागद खोचून ठेवायची आणि टिपणं त्यावर लिहायची. काही जण शेजारी कॉम्प्युटर असेल तिथेच वाचायला बसायची, म्हणजे संदर्भ तिकडे उघडता येई. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हापासून पडदे वेगवान झाले, त्यांवर लिहिता येणारी पेनं आली, तरी तो कव्हरमधला कागद मला आजही पटतो. तुला सांगणार आहे ती पद्धत त्याच जातीची आहे.

कोडमधली पुन्हा पुन्हा लागणारी पानं कागदावर काढ. आयएस ४५६ मधले तक्ते, स्टीलच्या आयएस ८०० मधले तुझ्या अभ्यासक्रमात येतात ते, आणि मातीच्या वर्गीकरणाचा तक्ता. मोजून वीस-पंचवीस पानं होतील. पाठपोट काढू नकोस, एका बाजूनंच काढ म्हणजे दोन तक्ते शेजारी ठेवता येतात. वर स्पायरल मार आणि प्रत्येक तक्त्याच्या कडेला रंगीत पट्टी चिकटव. एवढं केलंस की उड्या मारायचं निम्मं काम यंत्राकडून निघून तुझ्या हातात येतं.

दुसरं, वही. ई-रीडरवर एक प्रकरण सलग वाचायचं, अधोरेखित करायचं नाही. मग पडदा बंद करून वहीत त्या प्रकरणातली मुख्य सिद्धता न बघता मांडायची. अडलीस की तिथे पेन्सिलीनं फुली मार, पुढे जमतंय तेवढं लिही, आणि शेवटी ई-रीडर उघडून फक्त फुलीची जागा बघ. फुलीशेजारी पुस्तकाचं नाव आणि छापील पान नंबर लिही. पडद्यावर दिसणारा नंबर आणि छापील नंबर बऱ्याचदा वेगळे असतात, प्रस्तावनेची पानं मधे येतात म्हणून. सुरुवातीलाच एकदा फरक मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, 'पडदा उणे १८' असं काही. हे बारीक आहे, पण जानेवारीत उजळणी करताना या एका ओळीनं तुझे कितीतरी तास वाचतील.

पिवळ्या रेघा ओढायची सवय असेल तर जपून. ई-रीडरवर रेघ ओढायला काही लागत नाही, बोट फिरवलं की झालं. मग पानभर रेघा होतात आणि वाचल्याचं समाधान मिळतं. सिद्धता मात्र हातातून गेल्याशिवाय आपली होत नाही. एवढ्या वर्षांत याला अपवाद मी पाहिलेला नाही.

मग ई-रीडर कशाला, असं तुला वाटेल. त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे, तासगावची एसटी. रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीशी बसून मिळणारा तो वेळ गणितं सोडवायचा नाही, बस हलते, वही धरता येत नाही. पण माती का दबते, प्रीस्ट्रेसिंगमध्ये ताण का घटतो, बाष्पीभवन कसं मोजतात, असला समजून घ्यायचा मजकूर वाचायला तो वेळ सोन्यासारखा आहे. आणि तिथे हा पडदा खरोखर उजवा ठरतो. त्यात काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे बारीक कण असतात, विजेनं ते वर-खाली सरकतात आणि सरकले की तसेच थांबतात. म्हणून पान नुसतं दिसत राहायला वीज लागत नाही, बॅटरी आठवडे-आठवडे पुरते. बाहेरचा उजेड त्यावरून परावर्तित होतो, कागदावरून होतो तसा. त्यामुळे ऊन जितकं कडक तितकं अक्षर ठळक, मोबाइलच्या बरोबर उलट. द्राक्षबागेच्या बांधावर दुपारी बसून वाचलंस तरी चालेल. आणि त्यावर कुणाचा मेसेज येत नाही, हा गुण मी सगळ्यांत वर ठेवीन.

डोळ्यांचं मात्र स्वतंत्र बघ. ई-रीडर घेतला की डोकं दुखायचं थांबेल असं गृहीत धरू नकोस. मोबाइलवर आपण अक्षर फार बारीक ठेवतो, फार जवळ धरतो, अंधारात वाचतो आणि टक लावल्यामुळे पापण्या कमी मिटतो. हे सगळं ई-रीडरवरही करता येतं. आधी मिरजेला किंवा सांगलीत डोळे तपासून घे. तीन वर्षं ड्रॉइंगवर काम करतेस, नंबर असेल तर चष्मा आधी, यंत्र मागून. वाचताना वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी वीस फुटांपलीकडे बघत जा. रात्री ई-रीडरचा स्वतःचा दिवा लावलास तरी खोलीतला दिवा चालू ठेव.

दाजींचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नाही. टॅबवर रंग दिसतात, पीडीएफ झटक्यात उघडतं, एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन, व्याख्यानं बघता येतात. आकृत्या रंगीत असतील तर साध्या ई-रीडरवर लाल-हिरवी रेघ सारखीच करडी दिसते, आणि रंगीत ई-रीडर निघालेत त्यांच्यात रंगाची बारकाई काळ्या अक्षराच्या निम्मीच असते. पण तुझं मूळ दुखणं डोळ्यांचं आणि लक्षाचं आहे. टॅब म्हणजे मोठा मोबाइलच. व्याख्यानं तू ऑफिसच्या किंवा घरच्या लॅपटॉपवर बघू शकतेस. सराव परीक्षाही लॅपटॉपवरच दे, कारण गेट संगणकावर होते, ६५ प्रश्न, तीन तास, आणि कॅल्क्युलेटरसुद्धा पडद्यावरचाच माउसनं दाबायचा. त्या कॅल्क्युलेटरची सवय आतापासून लाव, तुझा नेहमीचा सायंटिफिक तिथे आत नेता येत नाही.

त्या पेन ड्राइव्हबद्दल स्पष्ट बोलते. विकत मिळणाऱ्या पुस्तकांच्या अशा प्रती फुकट फिरवणं बरोबर नाही, आणि मी ती वापर म्हणून सांगणार नाही. शिवाय त्यात कुठली आवृत्ती आहे याचा भरवसा नसतो. काँक्रीटच्या मॉड्युलसचं सूत्र १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये ५७०० गुणिले वर्गमूळ होतं, २००० च्या आवृत्तीत ५००० झालं. स्टीलचा आयएस ८०० हा १९८४ मध्ये वर्किंग स्ट्रेसवर होता, २००७ मध्ये लिमिट स्टेटवर आला, म्हणजे विचार करायची रीतच बदलली. जुन्या कोडवर लिहिलेलं पुस्तक मनापासून वाचून माणूस चुकीचं पाठ करतो. कोड ते काढणाऱ्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) पोर्टलवर नाव नोंदवून मोफत उतरवून घेता येतात. तिथून घे, दुरुस्तीपत्रकंही त्याच जागी बघ. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचं एनपीटीईएल आहे, आयआयटी खरगपूर चालवतं ती नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. एवढं शिदोरीला पुष्कळ झालं. आणि चारशे पुस्तकं घेऊन करणार काय? प्रत्येक विषयाला एक पुस्तक धर. दुसरं पुस्तक अडलं तरच उघड.

गणितांची मुख्य दोन-तीन पुस्तकं छापीलच घे. पुढे गेलेल्या मुलामुलींकडे जुनी मिळतात. एकदा विचारून बघ, त्यांच्या पेन्सिलीच्या खुणाही सोबत येतात.

एवढं करून हातात पैसे उरले आणि ती ७० टक्क्यांची झेरॉक्स तुला रात्री सहज वाचता आली, तर दहा इंची ई-रीडर जरूर घे. सहा इंचीपेक्षा पुष्कळ जास्त पैसे जातात, त्यामुळे घाई नको. कुणाकडे असेल तर आठवडाभर मागून घे आणि एसटीत वापरून बघ, हात भरून येतो का तेही कळेल. घेतलास की पहिलं काम पानाचे समास कापायचं. बहुतेक ई-रीडरमध्ये ती सोय असते. कोरी कड गेली की तेच पान ७० वरून ८०-८५ टक्क्यांपर्यंत वाढतं, ते डोळ्यांना लगेच जाणवतं. स्कॅन केलेली, वाकडीतिकडी, कडेला अंगठा आलेली पीडीएफ त्यावर टाकू नकोस, करड्या डागांतून अक्षर शोधावं लागतं.

पेनवाला घेतलास तर त्यावर आकृत्या काढायला छान वाटतं, मीही काढते. गणितं मात्र कागदावरच सोडव. मोठं गणित तीन-चार पानांवर पसरतं आणि ती सगळी एकदम समोर मांडता आली पाहिजेत. पडद्यावर एका वेळी एकच पान दिसतं.

मैत्रिणीचा सहा इंची मात्र कधीमधी मागून घ्यायला हरकत नाही. कोडचं पान दोन रकान्यांचं असतं, एक रकाना साधारण आठ सेंटिमीटरचा. तेवढाच रकाना मोठा केला तर नऊ सेंटिमीटरच्या पडद्यावर तो जवळजवळ मूळ आकारात दिसतो, कलमं सलग वाचता येतात. तक्ता दोन्ही रकान्यांवर पसरलेला आला की गाडी अडते. तक्त्यांसाठी तुझ्याकडे स्पायरल असेलच.

राहिले पप्पा. बेदाण्याचा पैसा कसा येतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, एका अवकाळीनं शेडवरचा माल काळा पडतो. म्हणूनच तुला भीती वाटली, आणि ती भीती तुझ्या चांगुलपणातून आलीय. त्यांना जाऊन सांग की मॅडमनी आधी झेरॉक्स काढायला सांगितलीय, आणि ती त्यांनाही दाखव. चाळिशीच्या पुढच्या माणसाला ४१ टक्क्यांची कॉपी दाखवली की काही समजावून सांगावं लागत नाही. चष्मा, स्पायरल, दोन-तीन जुनी पुस्तकं आणि चांगल्या जाड कागदाच्या सहा वह्या, एवढा खर्च आत्ता त्यांच्याकडून नि:संकोच घे. ई-रीडरचं दिवाळीनंतर ठरव, तोवर निम्मा अभ्यासक्रम वहीत उतरलेला असेल आणि तुला नेमकं काय कमी पडतंय ते तुझं तुलाच कळेल.

आणि एक. वह्या भरत जातील तसे दर रविवारी पानांचे फोटो काढून ठेव, एक प्रत लॅपटॉपवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. माझ्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणा परत मिळाल्या नाहीत.

झेरॉक्स काढलीस की कळव. रात्री दहाला ०.०४३ नीट दिसला का, एवढंच लिहिलंस तरी चालेल.